चालता चालता इंजिन बंद पडतं, वीस मिनिटांनी परत चालू होतं. पंप बदलून झाला, आता काय?

अर्धीटाकी

मंडळी मदत करा, डोकं चालेनासं झालंय. गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, १.२ लिटरचं इंजिन, ११ वर्षं जुनी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गेले दोनेक महिने असं होतंय की गाडी थंड असताना एकदम मस्त चालते, पिकअप वगैरे सगळं ठीक, आणि साधारण ३५-४० मिनिटं झाली की चालता चालता इंजिन बंद. झटके नाहीत, मिसिंग नाही, आवाज नाही, काही नाही. मग बाजूला घेऊन किल्ली फिरवली की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडतच नाही. पंधरा-वीस मिनिटं बोनेट उघडून उभं राहिलं की पहिल्याच सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही.

आत्तापर्यंत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल फिल्टर बदलला, आणि गॅरेजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं म्हणून टाकीतला पंपसुद्धा नवीन टाकला. पंप टाकल्यावर आठ दिवस काही झालं नाही, मी सगळ्यांना सांगून पण टाकलं की झालं एकदाचं, आणि नवव्या दिवशी पुलावर, मधल्या लेनमध्ये, मागे ट्रक असताना बंद. घाम फुटला राव. इंजिनचा दिवा एरवी लागत नाही म्हणून गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्युटरला लावून उपयोग नाही. आता तो म्हणतोय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला असेल. मला ते पटत नाहीये पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही.

टॉपगिअर_नाही

इंजेक्टर क्लीनरची एक बाटली टाक टाकीत. माझ्या गाडीला फरक पडला होता.

जुना_स्पॅनर

क्लीनरने गाडी बंद पडायची थांबत नसते हो, असो.

अर्धीटाकी, तुम्ही लिहिलंय ते चांगलं लिहिलंय पण एक गोष्ट राहिली, गाडी *कशी* बंद पडते ते. माझा अनुभव असा की बंद पडण्याच्या त्या दोन-तीन सेकंदात गाडी स्वतःच सांगत असते आणि आपण तेव्हा आरशात मागचा ट्रक बघत असतो. पेट्रोल कमी पडून मरणारी गाडी धापा टाकत मरते, म्हणजे आधी पिकअप जातं, चढाला दम लागतो, पॅडल दाबलं की उलट गचके देते, मग मरते. आणि ठिणगी किंवा सिग्नल तुटून मरणारी गाडी कोणीतरी किल्ली बंद केल्यासारखी मरते, एका क्षणात. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं वाटतंय, म्हणून पंपावर माझा पहिल्यापासून भरवसा नाही. पंप तापला की ढिला होतो हे खरंय, टाकीत पेट्रोल कमी असेल तर जास्तच, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं (तुमचं नाव बघून हे लिहायलाच लागलं), पण तो असा अचूक सुरी फिरवल्यासारखा सहसा जात नाही. रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच) गेला किंवा पंपाचा कपलर (वायरींचा जोड) जळला तर जातो, ती गोष्ट वेगळी.

आता पुढच्या वेळी बंद पडली की एवढं बघा. आरपीएमचा काटा काय करतो. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात का, की डॅशबोर्डच पूर्ण काळा होतो. काळा झाला तर इंजिनाकडे बघूच नका, बॅटरीची टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि किल्लीचा स्विच बघा, किल्लीच्या जुडग्याला अर्धा किलो लोखंड लटकवून फिरणारे लोक असतात, त्यांचा स्विच आतून झिजतो. दिवे लागले तर त्यात ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा दिसेल, त्याला घाबरू नका, इंजिन थांबलं आणि किल्ली ऑन असली की ते लागणारच, कित्येक जण त्यावरून अल्टरनेटर बदलून बसलेत.

मग गाडी उभी केल्यावर किल्ली बंद करून परत ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटजवळून दोन सेकंद पंपाची गुणगुण येते का ऐका. आणि पेट्रोलचं झाकण उघडून बघा, उघडताना जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली तर टाकीला श्वास घ्यायची वाट बुजलीये. फुकटातली तपासणी आहे, करून टाका.

हिरवीहॅचबॅक

तांत्रिक काही सांगू शकत नाही पण पुलाचं वाचून माझाच जीव मुठीत आला. आमची गाडी अशी बंद पडली होती तेव्हा मी घाबरून ब्रेक पंपासारखा दाबत राहिले आणि चौथ्या वेळेला पॅडल दगडासारखं झालं. नंतर कळलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरताच उरतो. ब्रेक लागतो, पण पाय दुप्पट जोराने दाबावा लागतो. त्यामुळे एकदाच, सलग आणि घट्ट दाबायचा. स्टिअरिंग पण जड होतं पण फिरतं. आणि गाडी चालत असताना किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, लॉक पडलं तर संपलं. धोक्याचे दिवे आधी, बाकी सगळं नंतर.

अर्धीटाकी

धन्यवाद स्पॅनर काका, खरं सांगू का, आरपीएमच्या काट्याकडे मी एकदाही बघितलं नाही, दोन महिन्यांत सहा वेळा बंद पडली आणि सहाही वेळा मी आरसाच बघत होतो. दिवे मात्र लागतात, सगळे लागतात, डॅशबोर्ड काळा होत नाही. पंपाची गुणगुण येते, नवीन पंप आहे त्यामुळे जरा जास्तच येते. झाकण आत्ता जाऊन उघडून बघितलं, हलकासा फुस्स आवाज आला, तेवढा नेहमीच येतो.

आणि हो, पाऊस असला की कमी वेळा होतं. याचा काही संबंध आहे का माहीत नाही.

काळ्याबोटांची

पावसाचा संबंध आहे. पाऊस म्हणजे इंजिनच्या खोलीत गारवा. तुझं सगळं वर्णन उष्णतेकडे बोट दाखवतंय, तापल्यावर जाते, निवल्यावर येते, आणि जाताना एका क्षणात जाते. माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर.

तो काय करतो ते समजून घे म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्यावर, एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत साठ दात्यांच्या जागा आणि त्यातले दोन मुद्दाम नसलेले, म्हणजे दर दाता सहा अंशांचा. सेन्सर त्याच्या शेजारी एखाद-दीड मिलिमीटरवर बसून दाते मोजत असतो आणि ती दोन दात्यांची खिंड आली की ईसीयूला कळतं की पिस्टन कुठे आहे. ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल कधी फवारायचं हे सगळं त्यावर. सेन्सर गप्प झाला की ईसीयूच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाहीये, मग तो ठिणगी बंद करतो, इंजेक्टर बंद करतो, पंपही बंद करतो. तिन्ही एकदम. म्हणून झटका नाही, धाप नाही, किल्ली काढल्यासारखं.

जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये आत केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि वर्षानुवर्षं तापून निवून ते कुठेतरी आतून तुटतं. थंड असताना तुटलेली टोकं एकमेकांना चिकटलेली, तापलं की प्लॅस्टिक फुगतं आणि फट पडते. निवलं की परत जुळतं. गॅरेजला पोहोचेपर्यंत गाडी ठणठणीत. डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरतो ना, तसं.

आता काट्याचं, स्पॅनरदादांनी विचारलं त्याचं कारण. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. पेट्रोलचा प्रश्न असेल तर काटा वेगाबरोबर हळूहळू खाली येईल, कारण इंजिन फिरतंय आणि सेन्सर ते सांगतोय. सेन्सरच मेला असेल तर गाडी साठच्या वेगाने गिअरमध्ये पळतेय आणि काटा मात्र धाडकन शून्यावर. सगळ्या गाड्यांत हे इतकं स्वच्छ दिसतंच असं नाही, काही गाड्या कॅमशाफ्टच्या सेन्सरवर भागवून कशाबशा चालू राहतात, पण दिसलं तर पक्कं समज.

तू स्वतः काट्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ. शेजारी कोणाला तरी बसव आणि त्याच्या हातात फोन देऊन डॅशबोर्डचं शूटिंग करायला सांग. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीला लावून फोनवर ईसीयूचे कोड वाचायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. इंजिनचा दिवा लागत नाही म्हणजे कोड नाही असं नसतं, पेंडिंग कोड म्हणून एक प्रकार असतो, ईसीयूने एकदा गडबड बघितली पण दिवा लावण्याइतकी खात्री झाली नाही, अशी नोंद. बंद पडल्यावर बॅटरी न काढता लगेच वाच. आणि बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघ. सेल्फवर दोनशे-तीनशेच्या आसपास दिसायला पाहिजे. शून्य दिसला तर इंजिन फिरतंय आणि ईसीयूला पत्ताच नाही.

ईसीयू बदलू नकोस. कृपा करून.

डिझेलप्रेमी

माझी डिझेल पण अशीच बंद पडते, सकाळी चालू होऊन दोन मिनिटांत, मग परत खूप सेल्फ मारावा लागतो. हाच सेन्सर का?

जुना_स्पॅनर

तुमची उलटी गोष्ट आहे, तापल्यावर नाही तर थंड असताना. डिझेलमध्ये आधी हवा शोधा. फिल्टरपाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावून बघा, बुडबुडे येत असतील तर रात्रभर कुठूनतरी लाइन हवा घेतेय, फिल्टरचं ओरिंग नाहीतर हाताने दाबायचा प्रायमर. फिल्टरमधलं पाणी काढलंय का शेवटचं कधी ते पण आठवा. बाकी वेगळा धागा काढा, इथे दोन आजार एकत्र नको.

दुसराचगिअर

घुसखोरीबद्दल माफी पण माझी पेट्रोल गाडी फक्त सिग्नलला थांबताना बंद पडते. चालताना कधीच नाही. क्लच दाबला, आरपीएम खाली आला की थेट खालीच. लगेच चालू होते.

काळ्याबोटांची

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून बघ, पाकळीच्या कडेला काळा चिकट थर असणार. पाय काढल्यावर त्या कडेच्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन जगतं आणि ती फटच बुजलीये. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ फडकं, खरवडू नको, इलेक्ट्रॉनिक असेल तर बोटाने जबरदस्तीने उघडू नको. साफ केल्यावर आयडल थोडा वेळ वेडावाकडा होईल, काही गाड्यांना स्कॅनरने शिकवावं लागतं. त्याने नाही झालं तर व्हॅक्यूमची एखादी नळी चिरली असेल, नाहीतर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल.

चालताना बंद आणि थांबताना बंद हे दोन वेगळे रोग आहेत, लोक एकाच नावाने विचारतात आणि मग सगळ्यांना सगळी उत्तरं मिळतात.

अर्धीटाकी

अपडेट!! झालं, मिळालं, निदान अर्धं तरी.

काल दुपारी मुद्दाम कडक उन्हात भावाला शेजारी बसवून निघालो. असा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा केला की गाडी बंद पडावी म्हणून देवाची प्रार्थना करतोय, आणि अर्थातच पहिला एक तास ती बंद पडेना. भाऊ फोन धरून कंटाळला, म्हणाला तू एसी लाव निदान. एसी लावला, गर्दीत घुसलो, आणि मोकळ्या रस्त्यावर येऊन तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ४५ च्या वेगाला, गेली.

व्हिडिओ आत्तापर्यंत वीस वेळा बघितला. वेगाचा काटा ४५ वर, आरपीएमचा काटा अडीच हजारावरून सरळ शून्यावर पडतो, मध्ये कुठे थांबत नाही, आणि त्यानंतर वेग ४३, ४०, ३६ असा उतरतोय, म्हणजे गाडी गिअरमध्येच आहे, मी क्लच दाबलेला नाही, इंजिन फिरत असणारच. काटा मात्र मेलेला. ताई तुम्ही लिहिलं होतं ते शब्दशः.

बाजूला घेतली, डोंगल लावून वाचलं तर पेंडिंगमध्ये पी०३३५. सेल्फ मारला तर लाइव्ह डेटात आरपीएम शून्य, सेल्फ मात्र गरागरा फिरतोय. सतरा मिनिटांनी परत मारला, २४० दाखवला आणि गाडी चालू.

सेन्सर मागवतो आता.

टॉपगिअर_नाही

मस्त, एका बोल्टचं काम आहे, बदल आणि मोकळा हो.

काळ्याबोटांची

थांब थांब. मागवायच्या आधी मोज.

पी०३३५ चा अर्थ "सेन्सर खराब" असा नाही. अर्थ एवढाच की सेन्सरच्या *सर्किट*मध्ये गडबड. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा कपलर आला, ईसीयूपर्यंतची वायर आली आणि ते दातेरी चाक पण आलं. पंपाच्या वेळी जे झालं तेच परत करू नकोस, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. सेन्सर दहापैकी सात-आठ वेळा निघतो हे मी पण म्हणेन, पण उरलेल्या दोन-तीन वेळा नवीन सेन्सर टाकून माणूस रस्त्यावर उभा असतो.

आधी कपलरमध्ये पिना किती ते बघ. दोन असतील तर वेटोळ्याचा सेन्सर, मल्टीमीटर ओहमवर लावून मोजता येतो. तीन असतील तर थांब, काही तीन पिनांचे वेटोळ्याचेच असतात आणि तिसरी वायर नुसत्या शील्डची, पण हॉल सेन्सर (वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा) असेल तर ओहमवर मोजून काही कळत नाही, त्याला सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो. वेटोळ्याचा असेल तर बहुतेक गाड्यांत काहीशे ते हजार-बाराशे ओहम असं काहीतरी येतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघ. मग सेन्सर काढून टेबलावर ठेव, हेअर ड्रायरने तापव आणि मीटर लावूनच ठेव. तापल्यावर आकडा हळूहळू *वाढलाच पाहिजे*, तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे पन्नास अंश तापवलं तर वीसेक टक्के. ते नॉर्मल आहे, त्याला बघून "सापडला" म्हणून उड्या मारू नको. मीटरवर एकदम ओएल आलं, म्हणजे सर्किट उघडं पडलं, तर सापडला.

आणि एक विचारायचं राहिलं, हे सुरू व्हायच्या आधी तीन-चार महिन्यांत त्या बाजूला काही मोठं काम झालंय का? इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, काहीही?

अर्धीटाकी

क्लच प्लेट बदलली होती, साधारण पाच महिने झाले. वेगळ्या गॅरेजला. त्याचा काय संबंध?

जुना_स्पॅनर

अहो संबंध म्हणजे काय, आता मजा येणार! तुमचा सेन्सर कुठे बसलाय बघा, गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्यावर असेल तर क्लच करताना गिअरबॉक्स उतरवायला तो कपलर काढावाच लागतो. आणि परत लावताना वायरची क्लिप जिथल्या तिथे बसवली का देव जाणे. हाताला न पोहोचणारी क्लिप पहिली विसरली जाते, मी स्वतः विसरलोय.

अर्धीटाकी

आता सविस्तर लिहितो कारण तुम्ही लोकांनी मला जवळजवळ पकडून आणलंय इथपर्यंत.

रविवारी सकाळी गाडी रात्रभर निवलेली, समोरून जॅकवर उचलून खाली स्टँड लावले (नुसत्या जॅकवर खाली जाऊ नका, हे मला बायकोने बजावलं आणि ती बरोबर होती). सेन्सर सापडला, गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागावर वरच्या बाजूला, १० च्या पान्याचा एक बोल्ट. दोन पिना. काढून मोजला, ८७० ओहम. बायकोचा ड्रायर घेतला, चार-पाच मिनिटं तापवला, हात लावता येईना इतका, मीटर ८७० वरून ९००, ९६०, १०२०, १०४० आणि तिथेच थांबला. एकदाही तुटला नाही. पान्याच्या मुठीने हळूच ठोकलं, वायर वाकवली, काही नाही. सेन्सर बिचारा ठणठणीत. मी तसाच मागवला असता तर आज परत पुलावर असतो.

मग सेन्सर परत लावला, बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीयूचा कपलर काढला आणि त्या बाजूने त्याच दोन वायरींवर मीटर लावला, पिना शोधायला सर्किट डायग्राम बघत अर्धा तास गेला. ८७१. म्हणजे थंड असताना पूर्ण वायर ठीक. आता भाऊ मीटरपाशी आणि मी खाली, सेन्सरपासून सुरू करून वायर वीतभर वीतभर हलवत गेलो. पहिली वीत काही नाही. दुसऱ्या विताला हात लावला आणि वरून भाऊ ओरडला, ओएल! सोडलं, ८७१. धरलं, ओएल. अक्षरशः नळ चालू बंद केल्यासारखं.

टॉर्च मारून बघितलं. क्लिप तुटून बोल्टावर नुसता प्लॅस्टिकचा खुंट उरलेला, वायर लोंबून सायलेन्सरच्या पहिल्या पाइपवरच्या उष्णतेच्या पत्र्याला टेकलेली. बाहेरचं नळीसारखं आवरण तिथे वितळून पत्र्याला चिकटलंय, आतल्या एका वायरचं प्लॅस्टिक भाजून बिस्किटासारखं कडक, नखाने टकटक केलं तर तुकडा पडला, आणि आत तांब्याचे धागे काळेहिरवे, बहुतेक सगळे तुटलेले, दोन-चार कसेबसे टिकून होते. पाइप तापला की पत्रा तापायचा, वायर तिथे चिकटलेली, त्या ओढाताणीत उरलेले धागे सुटायचे. निवलं की परत टेकायचे.

पाच महिन्यांपूर्वी कोणीतरी एक क्लिप लावली नाही, आणि मी पंप बदलला.

हिरवीहॅचबॅक

मला यातलं निम्मं कळलं नाही तरी ओएल वाचून मी टाळ्या वाजवल्या.

जुना_स्पॅनर

व्वा! आता दुरुस्ती नीट करा, इथे लोक घाई करतात. नुसत्या दोन वायरी पिळून टेप मारली तर महिन्याभरात परत इथेच याल, टेपचा गोंद त्या उष्णतेत पातळ होऊन सरकतो. भाजलेला भाग दोन्हीकडे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, काळं तांबं सोल्डर धरत नाही. त्याच जाडीचा उष्णता सोसणाऱ्या आवरणाचा तुकडा मध्ये जोडा, चांगला क्रिंप किंवा सोल्डर, वर आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी. दोन्ही वायरींचे जोड शेजारी शेजारी नकोत, इंचभर मागेपुढे ठेवा.

या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर तुमचा नवीन तुकडा पण तसाच पिळा, आणि बाहेरून शील्डची जाळी असेल तर ती पण जोडा. सेन्सरचा सिग्नल सेल्फच्या वेगाला अगदी क्षीण असतो आणि शेजारून इग्निशनची वायर गेली की त्यात खरखर घुसते. पिळ उगाच दिलेला नसतो.

आणि क्लिप. क्लिप नाही लावली तर सगळं फुकट.

अर्धीटाकी

सगळं तसंच केलं. पिळ होता, तसाच दिला. पत्र्यापासून चार बोटं लांब वळवून नवीन क्लिप लावली, वर काचतंतूची उष्णतारोधक नळी चढवली.

काळ्याबोटांची

कोड पुसून टाक आणि परत त्याच एसी, गर्दी, ऊन वाल्या फेरीला जा. शेजारी भाऊ पाहिजेच.

अर्धीटाकी

तीन आठवडे झाले म्हणून लिहितो. एकूण नऊशेच्या वर किलोमीटर झाले, त्यात दोनदा भर दुपारी तीन तास सलग. क्रँक सेन्सरचा एकही कोड नाही.

मध्ये एकदा मात्र काळजाचा ठोका चुकला. चौथ्या दिवशी खड्ड्यात चाक गेलं आणि गाडी बंद. मनात म्हटलं संपलं सगळं. पण या वेळी (शिकलो ना आता) आधी डॅशबोर्डकडे बघितलं, तर पूर्ण काळा, घड्याळसुद्धा गेलेलं. म्हणजे सेन्सर नाही. बोनेट उघडून बॅटरीच्या निगेटिव्हला हात लावला तर टर्मिनल बोटाने गोल फिरतंय. वायर मोजायला मीच काढलं होतं आणि मीच हाताने नुसतं बसवून पाना मारायचा राहिला होता. दुसऱ्याच्या क्लिपबद्दल एवढं लिहिलं आणि मी हे करून ठेवलं. १० चा पाना, अर्धा फेरा, गाडी चालू.

जुना पंप अजून खोक्यात आहे, बारा व्होल्ट लावून बघितला तर निदान फिरतोय तरी नीट. कोणाला त्याचा दाब घरी तपासायचा मार्ग माहीत आहे का, की ठेवून देऊ?

जुना_स्पॅनर

बारा व्होल्ट लावला म्हणजे कोरडाच फिरवलात? तो पेट्रोलमध्ये बुडून चालायला बनलाय, आणि आत पेट्रोलची वाफ उरलेली असते, उघड्यावर ठिणगी पडली तर हातात भडका. परत करू नका ते. दाब घरी मोजायच्या भानगडीत पण पडू नका. खोक्यात असू द्या, वरती तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.